काकूचं बोलणं व्हिडिओत आलंच नाही

मंडळी, आज मनमाडला काकांचा सेवापूर्तीचा कार्यक्रम होता. रेल्वेतून रिटायर झाले. व्हिडिओ बनवायचं काम मीच हौसेनं अंगावर घेतलं होतं.

इफेक्ट भारी दिसले म्हणून पहिलं सापडलं तेच फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं. फ्री व्हर्जनमध्ये ठरावीक मिनिटांपुढचा भाग सेव्हच होत नाही, हे वाचायचे कष्ट घेतले नाहीत. तयार व्हिडिओची नुसती सुरुवात बघितली आणि नाशिकहून निघाले.

काकूचं बोलणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कॅमेऱ्याला लाजणारी बाई, माझ्या आग्रहाखातर नवी साडी नेसून काकांबद्दल बोलली होती.

हॉलमध्ये व्हिडिओ लागला. स्क्रीनवर काकांचे साहेब दिसले, मित्र दिसले. आता आपण येणार म्हणून काकू पदर सावरून बसली आणि स्क्रीन काळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवताना ती हळूच म्हणाली, "माझं नीट आलं नव्हतं का गं? काढलंस ते बरं केलंस."

सॉफ्टवेअरनं कापलं गं, म्हणून किती सांगितलं. तिला पटलंच नाही.

पूर्ण व्हिडिओ सेव्ह होईल असं फुकटचं सॉफ्टवेअर सुचवा. तिचं बोलणं तिला दाखवेन. पण तो भरलेला हॉल कुठून आणू?