लाल दिसलेली कास

एका धडधाकट गाईला मी भर छावणीत रोगी ठरवलं होतं. नातवंडं अजून त्यावरून मला चिडवतात. चिडवू देत. ती रात्र मात्र मी कशी काढली, ते त्यांना कसं कळणार?

तेव्हा मी नेकनूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. दुष्काळाचं वर्ष होतं. भाच्यानं मला मोबाइलला जोडायचा एक कॅमेरा आणून दिला होता. डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण तो टिपायचा आणि गरम ते लाल, गार ते निळं असं चित्र दाखवायचा. मग काय, मी सुटलेच! भिंतीवर हात टेकवून काढला की मागं लाल पंजा उरायचा. पाझरणारा माठ निळाशार. हेडमास्तरांचं टक्कल तर असं पेटायचं की त्या आठवड्यात एकही पोर गैरहजर नव्हतं. पन्नाशी उलटली होती माझी, पण ऐट अशी, जणू ते किरण मीच शोधलेत.

एके दिवशी चारच्या सुमारास वर्ग घेऊन दूध सोसायटीच्या चारा छावणीत गेले. गावाची सगळी जनावरं तिथंच बांधलेली, कारण चारा-पाणी फक्त तिथंच होतं. एका रांगेच्या कडेला गावातल्या एकीची गाय होती. नवरा ऊसतोडीला गेलेला. ही मागं राहिली ती या दुभत्या गाईसाठी. मी कॅमेरा धरला. कासेची एक बाजू लालभडक, दुसरी निळसर.

"बघा रे," मी ठणकावून म्हणाले, "लाल म्हणजे दाह. हिला दगडी झालीय."

दगडी म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट होणं. मी ते कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं पोटात ठेवायची सवय मला कधीच नव्हती.

रोग लागेल या भीतीनं शेजारच्या बायका आपापल्या गाई सोडून लांब न्यायला लागल्या. सोसायटीचे चेअरमन आले. पडद्यावरचा लाल रंग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"सकाळी डाक्टर येतील. त्यांनी दगडी म्हणलं की गाय छावणीतून न्यायची. आन् तवर दूध घ्यायचं न्हाई."

"घरी नेऊन माती चारू का तिला?" गाईची मालकीण कडाडली. मग माझ्याकडं वळली. "बाई, सकाळीच पिळलीया मी तिला. काय बी नव्हतं. आत्ताच कावून लाल झाली?"

मी पोरांना घरी पिटाळलं आणि तिथंच थांबले.

सांजेला तिनं धार काढली आणि भरलेली चरवी दावणीमागं ओतून दिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ऊन उतरलं होतं. मी पुन्हा कॅमेरा धरला, तर कासेच्या दोन्ही बाजू सारख्याच! मग डोक्यात प्रकाश पडला. गाय उभी होती रांगेच्या कडेला. सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखालून मावळतीकडचं तिरपं ऊन दुपारी थेट त्या एका बाजूवर पडत होतं. शाळेची पश्चिमेची भिंत दुपारनंतर लाल दिसते, हे मीच पोरांना दाखवलेलं. भिंतीला काही मी दगडी झाली म्हटलं नव्हतं!

मी धावत चेअरमनकडं गेले. "अहो, ऊन होतं ते!"

"बाई, दुपारी तुमी दगडी म्हणला, आता ऊन म्हणता. उद्या काय म्हणणार, चांदणं?"

खरंच होतं त्यांचं. आणि मला तरी कुठं खात्री होती? जो कॅमेरा दुपारी मला फसवून गेला, तो संध्याकाळी खरं बोलतोय कशावरून? गाय बाहेर काढली तर ती चाऱ्यावाचून मरणार, नाहीतर कसायाला जाणार. सकाळी शाळेत न जाता मी थेट छावणी गाठली.

डॉक्टर मांजरसुंब्याहून आले तेव्हा ऊन चढलेलं. चार सडांचं दूध चार खणांच्या ताटलीत घेतलं, औषध घातलं. घट्ट झालं तर रोग. ते ताटली हलवत होते आणि मी ताटलीकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"ठणठणीत आहे. कुणी सांगितलं हिला दगडी झालीय म्हणून?"

सगळी छावणी माझ्याकडं बघायला लागली. तिनं गाईच्या पाठीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बाई, आता त्यो डबा माझ्या तोंडावर धरा बरं. लालच दिसंल. पर डाक्टरला बोलवू नका, ह्यो राग हाय, चार-आठ दिसांत उतरंल."