मल्हारीची एक ओळ

वाळूजच्या एका स्विच बनवणाऱ्या कारखान्यात मल्हारी कॉम्प्युटरवर बसायचा. घर सिल्लोडकडचं, मेंढपाळाचं. उस्मानपुऱ्यातल्या क्लासात टायपिंग शिकायला म्हणून गेला आणि तिथं पडलेलं युनिक्सचं जाड पुस्तक वर्षभर घेऊन बसला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. चित्र नाही, काही नाही, हवं ते लिहून मागायचं. मल्हारीला ते आवडलं. मशीन सुरू होताना नुसतं नाव विचारी, गाव आणि आडनाव विचारत नसे.

हळूहळू सगळं ऑफिस त्याच्याकडं येऊ लागलं. कामगारांची यादी बसथांब्यांप्रमाणं लावायची, तर ‘सॉर्ट’. हरवलेला रजेचा अर्ज कुठल्या फायलीत आहे, तर ‘ग्रेप’. कार्मिक विभागाचे साहेब बद्रीनाथराव यांना मुलीच्या लग्नाच्या तारखेला कोणता वार येतो ते हवं होतं. मल्हारीनं ‘कॅल’ लिहून चुटकीसरशी सांगितलं. साहेबांनी ते तरीही भटजींकडून पक्कं करून घेतलं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. कारखान्यातल्या सहाशे चौदा जणांच्या नोंदींत जुनं नाव होतं. बद्रीनाथरावांनी लगोलग समिती नेमली. नामांतराला त्यांचा विरोध कधीच नव्हता. फक्त नाव लांब आहे, रकान्यात मावणार नाही आणि तीन टायपिस्टांना सहा महिने लागतील, तोवर जुनंच चालू ठेवावं, एवढंच त्यांनी परिपत्रकात लिहिलं.

परिपत्रक टाइप करायला आलं आशाबाईंकडं. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत त्यांचं गावाकडचं घर जळालं होतं आणि वडील नामांतरासाठी दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. त्याच विद्यापीठातून त्या नोकरी करत बी.ए. झाल्या होत्या. त्यांनी एकही चूक न करता परिपत्रक टाइप केलं आणि मल्हारीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“खरं सांग मल्हारी, किती वेळ लागतो याला?”

“पाणी पिऊन या तुम्ही, आशाबाई.”

त्यानं आधी सगळ्या फायलींची नक्कल टेपवर काढली. मग एक ओळ लिहिली: जिथं जिथं जुनं नाव दिसेल, तिथं नवं पूर्ण नाव घाल. त्या ग्लास हातात घेऊन परतल्या तेव्हा काम झालं होतं. रकान्यात अजून बरीच अक्षरं मावली असती. आशाबाईंनी स्वतःची नोंद उघडायला लावली, ती वाचली, आणि जागेवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांना कळलं. काम चुकलं नव्हतं, पण ते मंजुरीशिवाय झालं होतं. म्हणून समितीनं ठरवलं की तेच काम समितीसमोर, रीतसर, पुन्हा व्हावं. मल्हारीनं समजावून पाहिलं. नव्या नावाच्या शेवटी जुनं नाव तसंच आहे, मशीनला ते परत सापडेल आणि पुढचं नाव परत जोडलं जाईल.

“मशीनला एवढी अक्कल असती तर तिलाच साहेब केलं असतं,” असं म्हणून बद्रीनाथरावांनी एंटरचं बटण स्वतःच दाबलं.

सगळ्या नोंदी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ अशा झाल्या. साहेबांची बी.कॉम.ची नोंदही त्यात होती. त्या दिवशी या नोंदींवरून छापलेल्या नोकरीच्या बेचाळीस प्रमाणपत्रांवर त्यांनी रोजच्यासारख्याच, न वाचता, सह्या केल्या. ज्यांना ते नाव एकदाही लिहायचं नव्हतं, त्यांच्या सहीनं ते दोन-दोनदा गावोगाव पोचलं.

टेपवरची नक्कल परत घालून ती ओळ एकदाच चालवायला दोन मिनिटं पुरली असती. पण समितीची मंजुरी यायला दिवाळी उजाडली. मल्हारीला मात्र मेमो आठवड्यातच मिळाला. त्यानं उत्तरही एकाच ओळीत दिलं: ‘मंजुरीशिवाय काम लवकर झाले, याबद्दल दिलगीर आहे.’

ते उत्तर आशाबाईंनी टाइप केलं. नियमाप्रमाणं दोन प्रती लागत होत्या. त्यांनी तीन काढल्या आणि एक आपल्या पिशवीत ठेवली.