लाइट टेस्टमधले अकरा फोटो

"ताई, लाइट टेस्टचे फोटो उडवलेत ना?"

सकाळी सकाळी रोहनचा फोन. मी स्टुडिओत कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरवर कॉपी करत बसले होते.

"कुठले रे?" मी साळसूदपणे विचारलं.

"तेच, माझे आणि केतकीचे. कामाचे नाहीत ना ते? कशाला ठेवायचे!"

ते फोटो तेव्हा माझ्या समोरच उघडे होते.

रोहन नवरदेव. वाकडला आयटीत. नवरी मानसी, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. लग्नाला बारा दिवस उरले होते. केतकी म्हणजे मानसीची मावसबहीण. लग्नात करवली म्हणून तीच तिच्या मागे उभी राहणार होती. आदल्या दिवशी मी इंद्रायणीकाठी त्यांचं प्री-वेडिंग शूट केलं होतं.

लाइट टेस्ट म्हणजे काय ते सांगते. नवरीचा मेकअप व्हायला दोन तास लागतात. तोवर तिच्या जागी कुणाला तरी उभं करून उजेडाचा अंदाज घ्यायचा. मी रोहनशेजारी केतकीला उभं केलं. ऊन उतरत होतं, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून इंटरव्हल लावला. म्हणजे दर दहा सेकंदांनी आपोआप एक फोटो. तेवढ्यात व्हॅनमधून मानसीने हाक मारली, साडीची पिन तुटली म्हणून. मी पळाले आणि इंटरव्हल बंद करायचा विसरले. वीस वर्षं हे काम करतेय, आणि ही चूक!

मी परत येईपर्यंत निघालेल्या अकरा फोटोंपैकी पहिल्या दोनांत नुसतं बघणं. मग हातात हात. शेवटचे तीन पाहताना तर मीच मान फिरवली. रोहनला नंतर कॅमेऱ्याचा लुकलुकणारा दिवा दिसला असणार.

"बुकिंग मानसीचं आहे," मी म्हणाले. "सगळे रॉ तिलाच जातात." रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून जसाच्या तसा निघालेला फोटो.

"अहो ताई, लग्नाच्या टेन्शनमध्ये होतं असं. तुम्ही कशाला कुणाचं घर मोडता?"

मी मोडतेय? असा राग आला म्हणून सांगू! "तू केलंस ते, भाऊ. मी फक्त फोटो काढले," म्हणाले आणि फोन ठेवला.

राग खरा, पण मानसीला सांगायची हिंमत कुठे होती? डिलीट करावं आणि मोकळं व्हावं, असंही वाटलं. सासूबाई चहा घेऊन आल्या. जुन्या भोसरीच्या, तोंडावर बोलणाऱ्या. त्यांना सगळं सांगितलं.

"तू डोळं मिटलंस तर तिला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "उद्या पदरात पोर आल्यावर कळलं म्हंजी?"

मी मानसीला बोलावलं. ती कंपनीच्या बसमधून उतरून थेट आली, युनिफॉर्मवरच. मी तिला खुर्ची दिली, स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि बाहेर निघाले.

"थांबा ना, ताई," ती म्हणाली.

अकराही फोटो तिने एकेक करून पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून. मग रडली, भरपूर रडली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

"आमच्याकडे पहिला पीस तपासल्याशिवाय लाइन चालू करत नाहीत," नाक पुसत ती म्हणाली. "बरं झालं, आत्ताच दिसलं."

"पेनड्राइव्हवर देऊ?"

"नको. उडवा."

"अगं, वेड लागलंय का तुला? घरचे कारण विचारतील. तुलाच बोल लावतील!"

"लावू देत. मला हे लग्न करायचं नाही, एवढं सांगेन. हे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले तर केतकीला कुठे तोंड दाखवता येणार नाही. मावशीने मला लहानाचं मोठं केलंय, ताई."

डिलीटचं बटण तिनेच दाबलं.

लग्न मोडलं. घरात चार दिवस आदळआपट झाली, पण वडील तिच्या पाठीशी राहिले. गेल्या महिन्यात मानसी प्रमोशनचे पेढे घेऊन आली. छान टवटवीत दिसत होती. मला फार बरं वाटलं.

"केतकीशी बोलतेस?" मी विचारलं.

"अजून नाही. पण मावशीकडे जेवायला जाते," म्हणाली आणि सासूबाईंना पेढा द्यायला आत गेली.

मी एवढंच शिकले की लाइट टेस्टला आता माणूस उभा करत नाही. स्टँडला ओढणी गुंडाळते. उजेड तेवढाच कळतो.