इनासबायने घासलेलं नाणं

जुनं नाणं धुऊ नका, घासू नका, हे सांगत मी गावोगाव फिरलो. ज्या एका बाईला सांगायला हवं होतं, तिला तेवढं सांगायचं राहिलं.

१९३८ सालची गोष्ट. मुंबईच्या एका संग्रहालयात, नाणे विभागात मी कारकून होतो. लोकांनी घरातली जुनी नाणी आणावीत आणि ती कुठल्या राजवटीची ते आम्ही सांगावं, असा कार्यक्रम आम्ही गावांत करायचो. त्या वर्षी तो उत्तनच्या शाळेत होता. निम्मे लोक राणीछाप रुपये आणत आणि ते लाखमोलाचे आहेत असं माझ्याकडून वदवून घ्यायला बघत. दुपारपर्यंत माझं डोकं उठलं होतं.

सगळ्यांत शेवटी आली ती शेजारच्या पाली गावची इनासबाय. साठीकडे झुकलेली, सुकी मासळी विकणारी. बाजारात तिच्या आवाजाला सगळे वचकून असत म्हणे, पण शाळेत ती दबकत बोलली. तिच्या रुमालात एक काळपट चकती होती. तिच्या एकुलत्या मुलाला, पास्कूला, ती वादळानंतर किनाऱ्यावरच्या वाळूत सापडली होती. पुढच्या हंगामात पास्कूची होडी परत आली नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणून कबर नाही. गावच्या दफनभूमीत सगळ्यांच्या क्रुसांवर नावं आहेत, माझ्या पोराचं कुठंच नाही, हे तिने बोंबलाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

भिंगातून पाहिलं आणि माझा वैताग कुठल्या कुठे गेला. शिशाचं पोर्तुगीज नाणं, दोन अक्षरं आणि सालाचे आकडे शाबूत. आमच्या संग्रहात असं एकही नव्हतं. मी तिला सांगितलं की महिन्याभराने मुंबईला आमचं प्रदर्शन आहे, तिथे घेऊन या. काचेच्या पेटीत ठेवू, आणि ज्याला सापडलं त्याचं नाव खाली चिठ्ठीवर छापू.

“पास्कूचं नाव? छापून?” तिने विचारलं.

मी हो म्हणालो. बाहेर बैलगाडीवाला घाई करत होता. नाण्याचा ठसासुद्धा न घेता मी उठलो.

पालीत सणाआधी बायका देवळातली, म्हणजे चर्चमधली, मेणबत्त्यांची पितळी शमादानं चिंच आणि राख लावून लख्ख करतात. देवापुढे मळकं काही न्यायचं नाही, ही त्यांची रीत. इनासबायला आमचं प्रदर्शन म्हणजे पास्कूचा सणच होता. तिने नाणं चिंचेच्या कोळात भिजवलं आणि महिनाभर रोज राख, वाळू घेऊन घासलं. शिसं ते, केवढं टिकणार?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि माझ्या टेबलावर रुमाल सोडला. चकती चकाकत होती. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

मी ती वरच्या साहेबांकडे नेली. अक्षरं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत, हे चार वेळा सांगितलं. साहेब दुष्ट नव्हते, नाहीतर भांडता तरी आलं असतं. ज्यावर काही दिसत नाही, त्याची चिठ्ठी कशी लिहायची, एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं.

परत येऊन मी इनासबायला सगळं समजावलं. काळा थर कसा जपायचा असतो, त्यातच अक्षरं कशी टिकतात, वगैरे. महिन्याभरापूर्वी सांगायचं ते सगळं त्या दिवशी सांगितलं. ती नाणं उलटंसुलटं करून पाहत राहिली.

“म्हंजे त्याचं नाव मीच पुसलं,” ती म्हणाली.

बाई, चूक माझी आहे, तुमची नाही, एवढंच बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी तिला स्टेशनला जाणारी ट्राम कुठे मिळते ते सांगितलं.