शकुबाई बाळाला साजरी म्हणत नाही

घाटंजीत ‘साजरं’ हा शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो. साजरी भाकर, साजरं लुगडं, गाय साजरी, सोयाबीन साजरं. नागपूरच्या कॉन्व्हेंटात मी ‘सुंदर’ शिकले होते. ‘साजरं’ मला लग्नानंतर इथे मिळालं. दिसायला छान, आणि जसं असायला हवं तसं, असं दोन्ही त्यात येतं.

शकुबाईही हा शब्द सढळपणे वापरते. फक्त तान्ह्या बाळासाठी नाही. चाळीस वर्षं ती गावातली बाळं न्हाऊ घालते. पाटावर बसून लांब केलेल्या पायांवर बाळ घेते आणि तेल चोळताना त्याला शिव्या देते. "कायची पोरगी, माकडीन व्हय!" तिची स्वतःची पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली. आदल्या संध्याकाळी ती तिला साजरी म्हणाली होती. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, "तुमचं शिकेल डोकं हाय, बाई. मले भेव वाटते, त्याले काय करू?"

गेल्या नोव्हेंबरात माझी नात वैष्णवी बाळंतपणाला आली. मुलगी झाली. नेमकी शकुबाई तापाने पडली होती, पाचव्या दिवशी सकाळी आली. तोवर बघायला येणारा प्रत्येकजण म्हणत होता, "रंग कसा सोन्यावानी! साजरी हाय!" मीही बाळाच्या नोंदींच्या वहीत लिहिलं होतं : बाळाचा रंग उजळला. शांत आहे. रडत नाही.

शकुबाईने बाळ पायांवर घेतलं आणि गप्प झाली. शिवी नाही, काही नाही. तिने बाळाच्या छातीवर अंगठा दाबून उचलला. खाली पिवळा ठसा होता. पोटावर दाबला, तिथेही तसाच.

"दूध पेते काय व?"

"झोपूनच असते, मावशी," वैष्णवी कौतुकाने म्हणाली. "उठवलं तरी उठत नाही. लय शहाणी आहे माझी साजरी."

"नको म्हनू!" शकुबाई ओरडली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "गाडी काढा, बाई. हे उजळली नाही. हे कावीळ व्हय."

यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत माझ्या मुलाने गाडी कुठेही थांबवली नाही. मागे शकुबाई बाळाच्या तळपायांवर टिचक्या मारत होती. "रड व, माकडीन. रड." बाळ तोंड उघडायचं, आवाज निघायचा नाही. वैष्णवीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

डॉक्टरांनी विचारलं, दूध कधीपासून कमी झालं? मी वही उघडली. तिसऱ्या दिवशी सहा वेळा, चौथ्या दिवशी तीन वेळा. सगळं माझ्याच अक्षरात होतं, आणि त्याखाली कौतुक.

दोन दिवस ती निळ्या दिव्याखाली डोळे बांधून पडली होती. आम्ही काचेबाहेर. शकुबाई घरी गेली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, कावीळ उतरते आहे.

घरी आल्यावर पहिल्या न्हाणाला बाळ कडकडून रडलं. शकुबाईने गालावर तीट लावली. "काळीबेंद्री कुठली! कान फोडते लोकाचे!"

त्या दिवशी मी वही काढली. ‘सा’ लिहिलं आणि हात थांबला. ते अक्षर खोडलं. खाली लिहिलं : सकाळी आठ वाजता, मोठ्याने रडली.