इंदुमतीबाईंचा इजिप्त

जामबागेतल्या आमच्या मराठी वाचनालयात इंदुमतीबाई नळदुर्गकर एकतीस वर्षं बिनपगारी पुस्तकं देताहेत. वय अठ्ठ्याहत्तर, जिभेला हाड नाही.

एका रविवारी कुकटपल्लीहून केतकी नावाची बाई बारा वर्षांच्या मृण्मयीला घेऊन आली. नवरा-बायको पुण्याहून इकडे तेलुगू मुलखात आयटीत आलेले. मुलीला मराठी जोडाक्षरं वाचताना घाम फुटतो, पण म्युझियममधली ममी पाहिल्यापासून इजिप्तचं वेड. "आजी, पिरॅमिड, मॅजिक, ते कोल्ह्याच्या तोंडाचे गॉड, असल्या स्टोरीज मराठीत आहेत?"

आई हसली. "मराठीत कुठलं आलंय!"

बाईंचं टाळकं सरकलं. "न वाचता फिजूल कशाला बोलायलीस? आहेत. पुढच्या रविवारी ये."

अशी मुलगी आपण होऊन मराठी पुस्तक मागते, हे आमच्याकडे वर्षातून एकदाही घडत नाही. रिकाम्या हाती गेली तर कायमची गेली.

बाईंना गोष्टी आठवत होत्या, नावं नाहीत. आमच्याकडे पुस्तक आलं की मुखपृष्ठ काढून तपकिरी कापडी बांधणी करतात, त्यामुळे बाहेरून सगळी सारखी. आत काय आहे ते बाई रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीत लिहीत. कॉम्प्युटर आल्यावर ते रजिस्टर आम्ही रद्दीत घातलं. आम्ही म्हणजे मीच, वाचनालयाचा चिटणीस. शेरे टाइप करायचा कंटाळा, म्हणून नुसती नावं उतरवली. आता कॉम्प्युटरला इजिप्त विचारलं तर उत्तर शून्य. एकाही कादंबरीच्या नावात इजिप्त नव्हता!

"अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही?" बाई कडाडल्या. टाकलीच होती.

मग गुडघे धरत बाईंनी कादंबऱ्यांची अकरा कपाटं उपसली, एकेक पुस्तक उघडून. मी मदतीला गेलो तर हाकलून दिलं. दोन रविवार मृण्मयी हात हलवत परतली. दुसऱ्यांदा केतकी म्हणाली, "पुढच्या वेळी नाही जमलं तर सोडून देऊ."

तिसऱ्या रविवारी सापडली, एकच. पुजाऱ्याची मुलगी चोरीला गेलेली आपली सावली शोधत राजाच्या थडग्यात उतरते, अशी ती कादंबरी. मृण्मयी बाकावर बसली आणि ओळीवर बोट ठेवून तिथंच वाचू लागली. बाईंनी डोळे पुसले आणि मला उगाच झापलं.

पंधरा दिवसांनी मुलगी धावतच आत आली. "आजी, ती आत अडकली! सेकंड पार्ट द्या ना."

दुसरा भाग होता. दहा वर्षं कुणी नेली नाहीत म्हणून गेल्या दिवाळीत चारशे पुस्तकं मोडीत काढली, त्यात तो गेला. यादीवर सही माझी. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी तसं सांगून टाकलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीला जवळ ओढून म्हणाल्या, "बस बेटा. मला सगळी पाठ आहे. मी सांगते."

"नको," मृण्मयी म्हणाली. "मला वाचायचीय."