सरांच्या क्लासला पुन्हा

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी शिरूर कासारला माहेरी गेले, ती अडीच वर्षं तिथेच अडकले. भाऊ-भावजय ऊसतोडीला गेले की तिच्याजवळ दुसरं कुणी नसायचं. आई गेली आणि मी अंबाजोगाईला परतले. घरी काही सुचत नव्हतं. दोन महिन्यांनी नवराच म्हणाला, "योगाच्या क्लासला जा बरं पुन्हा. अशी भिंतीकडं बघत किती दिवस बसणार?"

माळ्यावरून चटई काढली. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता.

क्लास आमच्याच गल्लीतल्या मंगल कार्यालयात, सकाळी सहाला. शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले, कडक. खाडा केला की सगळ्यांसमोर बोलायचे. मला अडीच वर्षांची बोलणी खायची होती, म्हणून मी मान खाली घालूनच शिरले. पूर्वी पंचवीसेक बाया असायच्या, आता सातच होत्या.

सरांनी मला पाहिलं. "नवीन हाय का? बसा मागं."

टोमणाच वाटला. मी हसले. "सर, मीच की."

"आधी कधी योगा केलाय का?" त्यांनी अगदी सरळ विचारलं. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला, तेव्हा माझं हसू विरलं.

सूर्यनमस्कार सुरू झाले. माझे गुडघे कुरकुरत होते, हात जमिनीला टेकत नव्हते. सातव्या नमस्कारानंतर सरांनी पुन्हा "तीन" म्हटलं. सगळ्या निमूट वाकल्या, मीही वाकले. शेवटी दाराशी खुर्चीवर बसलेल्या काकू, म्हणजे सरांच्या बायको, हळूच म्हणाल्या, "झाले हो बारा."

बाहेर चपला घालताना त्या मला म्हणाल्या, "दीड वर्ष झालं असं. लोकं हळूहळू सुटली. डॉक्टर म्हणले, सवय मोडू नका. म्हणून मी रोज घेऊन येते."

"मला ओळखलंच नाही त्यांनी."

"मलाबी कधीकधी ओळखत न्हाईत."

मी रोज जाऊ लागले. रोज तोच प्रश्न. चार-पाच दिवस मी समजावून सांगितलं, मग नुसतं "हो" म्हणायला लागले.

एकदा वाकलेली असताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माणसं विसरले होते, पण नेमका कुठला मणका अडलाय ते हाताला कळत होतं. "खांदे सोडा ताई. लई ताणून धरलेत. काय झालंय?"

"आई गेली, सर."

ते तिथंच चटईवर बसले. "अरेरे. कशानं?"

मग मी सांगितलं. आईनं अंथरूण खराब केलं होतं. दिवसातली ती तिसरी वेळ. मी तिच्यावर ओरडले, "मर एकदाची, मला तरी सुटू दे." त्यानंतर आईनं माझ्याशी बोलणं बंद केलं. पाणी दिलं तर प्यायची, पण बोलायची नाही. नवव्या दिवशी गेली. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सर विसरतील, या भरवशावर सांगितलं, हे कबूल केलं पाहिजे.

"माफी मागितली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. लाज वाटली."

"मागायला पायजे होती," सर म्हणाले. समजूत वगैरे काही काढली नाही. गुडघ्यावर हात रेटून उठले आणि पुढच्या बाईकडे गेले.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही.

उन्हाळ्यात एके दुपारी सर घराबाहेर पडले ते संध्याकाळी परळीच्या रस्त्यावर सापडले, अनवाणी. आठवड्यात मुलगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेला. आम्ही आठजणी दोन दिवस सकाळी एकीच्या गच्चीवर जमलो. आकडे कुणी मोजायचे, यावरच अवघडलो. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही.

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला होता. नवव्या मजल्यावर राहतात. "इथं दाराला आतून कुलूपच असतंय," म्हणाल्या. "ते सकाळी उठून बसतात, तयार होऊन. कुठं जायचं ते त्यांना सांगता येत न्हाई."

मी म्हटलं, येते भेटायला. अजून गेलेले नाही.